बाप्यांनी गप्प बसायचं

डॉक्टर वाघोले वारले हे मला सदाच्या दुकानात दाढीला बसलो असताना कळलं. कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होतं. आतल्या पानावर, पार खाली, चार ओळी. पेठचे सुपुत्र, नामवंत हृदयरोगतज्ज्ञ वगैरे. माझ्या एका गालावर साबण, एक गाल साफ. तेवढ्यात बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "हुशार व्हता, पर लई तुसडा. माणसाशी बोलायची रीत न्हवती त्याला."

मी सदाचा वस्तऱ्याचा हात बाजूला केला. म्हणालो, "तुला कवा तपासलं त्यांनी?"

"मला न्हाई. मंडळीला नेलती एकदा."

"जिती हाय ना ती?"

"हाय की."

"मग तिला इचार, तुसडा व्हता का."

तो हसला आणि म्हणाला, "तिला काय कळतंय?"

मी अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आलो. ह्या एका वाक्यासाठी हे लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनेनं तपासलंय, शब्द माझेच आहेत. कुणाला टोचले तर टोचू देत.

डॉक्टर पेठचे, म्हणजे आमच्या पिंपरी पेंढारच्या मानानं शेजारच्या तालुक्यातले, आंबेगावातले. शेतकऱ्याच्या पोटचे. शिकायला पुण्याला गेले, मग मुंबईला, आणि परत पुण्याला येऊन मोठ्या इस्पितळात काळजाचे डॉक्टर झाले. दर बाजारच्या दिवशी मात्र नारायणगावात यायचे. बाजारपेठेच्या मागं एक नर्सिंग होम होतं, त्याच्या माडीवरच्या खोलीत बसायचे. एवढा मोठा डॉक्टर इकडं कशाला येतो, असं एकानं विचारलं, तर म्हणाले, "पुण्यात भाकरीजोगी बाजरी मिळत न्हाई. बाजार करायला येतो. येतोच हाय तर तुमाला बी बघतो."

उंच माणूस, पण मानेतून वाकलेला. कानांवर केस. पायात साधी चप्पल, शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. पेढे, नारळ काही घ्यायचे नाहीत. पाया पडलेलं तर अजिबात खपायचं नाही. एक म्हातारी वाकली तर तिला म्हणाले, "पाया पडू नका आजी. वाकल्यावर दम लागला का तेवढं सांगा."

दारावरच्या पाटीवर नावापुढं इंग्रजी अक्षरांची आगगाडी होती. एका शेतकऱ्यानं धीर करून विचारलं, "डॉक्टर, एवढी अक्षरं कशाची वं?" बाहेर बाकांवर आम्ही सगळे ऐकत होतो. डॉक्टर म्हणाले, "पहिली अक्षरं लागली तवा मी सगळ्या अंगाचा डॉक्टर व्हतो. दुसरी लागल्यावर कातडी, हाडं, डोळं गेलं, निस्त्या पोटात घ्यायच्या औषधांचा झालो. तिसरी लागली आन् निव्वळ काळजाचा राहिलो. जेवढी अक्षरं वाढली तेवढं अंग कमी झालं. आता मला फकस्त मुठीयेवढं कळतंय. गुडघं दुखत्यात म्हणून मला सांगू नका." लोक हसले. ते हसले नाहीत.

त्या मुठीएवढ्याचंही ते शेतकऱ्याला समजेल असं सांगायचे. विहिरीवरची मोटर आमच्याकडं पोराटोरांना माहीत. ते म्हणायचे, "काळीज म्हंजी मोटर. एक तर पाइप चोंदतो, न्हाईतर वायरिंग बिघडतं, न्हाईतर चढलेलं पाणी धरून ठिवणारा फुटवॉल जातो. कवाकवा मोटरच दमती. पाइप चोंदलेलं बहुतेक बाप्ये असत्यात. त्यांना ॲटॅक येतो, जीप करून पुण्याला नेत्यात, गावभर नाव हुतं. फुटवॉल गेलेल्या बाया असत्यात. त्यांचं कुणी नाव काढत न्हाई. त्या निस्त्या हळू हळू चालत्यात."

आमची कौसल्या अशी हळू हळू चालायची.

बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. ती होती तोवर मी "अगं" म्हणायचो आणि लोकांत "मंडळी". आता नाव घेतो. घ्यायला कुणाची हरकत आहे बघू.

तिला घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो टोमॅटोचा हंगाम होता. खाली बाजारात लिलावाची बोंबाबोंब, वर खोलीत आम्ही. दाराशी शमीमबाई उभ्या. ह्या जुन्नरच्या, डॉक्टरांच्या नर्स. बाई आत तपासत असली की शमीमबाई खोलीतच असणार, हा डॉक्टरांचा नेम होता. हे ध्यानात ठेवा, पुढं काम पडणार आहे.

"काय व्हतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "दमा हाय तिला. थंडीत लई—"

"तुमाला व्हतंय का तिला?"

"तिला."

"मग तुमी गप्प बसा. बाप्यांनी हितं गप्प बसायचं. बाई, तुमी बोला."

कौसल्या माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याकडं काय बघताय? काळीज त्यांच्यापाशी ठिवलंय का?"

शमीमबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कौसल्याही हसली, पण बोलेना. दम लागतो का, तर नाही. छातीत धडधड, तर नाही. बाईमाणसानं दम लागतो म्हणायचं म्हणजे काम होत नाही म्हणण्यासारखं. कोण म्हणेल? डॉक्टरांना ते ठाऊक होतं. त्यांनी दमाचं विचारणं सोडून दिलं.

"विहीर कुठं हाय तुमची?"

"वढ्याच्या पल्याड."

"हंडा वाटंत कुठं उतरवता?"

ह्याचं उत्तर तिनं लगेच दिलं. "नवी नवरी व्हते तवा थेट उंबऱ्यावर. थोरला झाल्यावर मारुतीच्या पायरीला टेकवायची. मग चिंचंखाली. आता वढ्यातून वर आलं की दगड हाय, तिथं."

मी शेजारीच बसलो होतो. विहिरीपासून घर जिथल्या तिथं होतं, आणि तिचं घर मात्र दर वर्षाला लांब लांब चाललं होतं. डॉक्टरांनी मान हलवली, जशी काही तिनं सगळी परीक्षा सोडवली.

"शमीमबाई, पंखा."

पंखा बंद झाला. उन्हाळा असो, घामाच्या धारा असोत, काळीज ऐकताना पंखा बंद. खिडकी बंद. नळीची चकती आधी स्वतःच्या तळहातावर घासून गरम करायचे, मग बाईच्या अंगाला लावायचे. डोळे मिटायचे. लोक म्हणायचे डॉक्टर डुलकी घेतो. मी समोर होतो, मला विचारा. देवळात माणूस डोळे मिटतो त्यात निम्मं ढोंग असतं, ह्यात नव्हतं. "डाव्या कुशीवर वळा," म्हणाले. परत ऐकलं. मग मशीन लावून पडद्यावर मला दाखवलं. काळ्यापांढऱ्यात काहीतरी फडफडत होतं, तेही पुरतं उघडत नव्हतं.

"हा फुटवॉल. आखडलाय आन् गळतोय बी. दमा न्हाई हा." मग कौसल्येला विचारलं, "लहानपणी घसा धरून ताप यायचा का? गुडघं सुजलं व्हतं?"

"व्हय. आजीनं एरंडाची पानं बांधलीती."

"आन् भावाला असा ताप आला तर?"

"त्याला जुन्नरला नेलंतं. सुया दिल्या."

डॉक्टर मशीनकडं तोंड करून एवढंच म्हणाले, "एरंडाची पानं." आणि हातातली मशीनची दांडी टेबलावर अशी आपटली की शमीमबाई दचकल्या. मग आम्हाला सांगितलं, की तो घसा असतो साधा, पण वेळेवर औषध नाही मिळालं तर काही लेकरांच्या काळजाचा वॉल आखडायला लागतो, आणि पोरगी लेकुरवाळी झाल्यावर ते उघडं पडतं. "फुगा घालून वॉल मोकळा करता येतो, ते माझं काम. पर हिचा वॉल त्याच्या पलीकडं गेलाय. बदलावा लागंल. ते कापणाऱ्याचं काम. मी कापणारा न्हाई, मी ऐकणारा. पुण्यात माझ्यापेक्षा हुशार माणूस हाय, त्याच्याशी बोलून ठिवतो."

घरी ऐकल्यावर माझा थोरला भाऊ म्हणाला, बायकांचे नखरे आहेत, एवढ्या तेवढ्याला काळीज फाडतात होय. पुढच्या बाजारी तो डॉक्टरांना तेच सांगायला आमच्याबरोबर आला. डॉक्टरांनी गुमान ऐकून घेतलं. मग शमीमबाईंना खाली बाजारात पाठवून कांद्याची पात आणवली. एक हिरवी पोकळ पात मोडून दादाच्या हातात दिली.

"ही तोंडात धरा. नाक दाबा. निस्तं हिच्यातनं श्वास घ्यायचा. आन् ती पाण्याची बादली घिऊन जिना चढून या."

"कशापायी?"

"बायकांचा नखरा कसा असतो ते बघायला."

दादा पैलवान गडी. खाली गेला, निघाला. सगळी माडी कठड्यावरून वाकून बघत होती. निम्म्या जिन्यात त्यानं बादली टेकवली, पात थुंकली आणि भिंतीला टेकून बसला. तोंड लालभडक. डॉक्टर वरून म्हणाले, "पावणं, तुमी चिंचंपस्तोर आला. मारुती अजून लांब हाय."

बाकांवरच्या बाया हसल्या. त्या बाकावर बाया हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. दादा आयुष्यभर डॉक्टरांवर डूख धरून राहिला, पण ऑपरेशनला आडवा आला नाही.

कौसल्येला धातूचा वॉल बसवला. घरी आल्यावर दुपारच्या वेळी ती शेंगा फोडत बसली की शेजारी बसणाऱ्याला टिक टिक ऐकू यायचं. शेजारणी मुद्दाम येऊन ऐकायच्या. तिला आधी लाज वाटायची, मग वाटेना. मला म्हणायची, "तुमच्या मनगटाला घड्याळ, माझ्या आतच." डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. "हा आवाज कडक हाय तवर चहा पीत बसा. आवाज मऊ पडला, दबला, तर त्याच घडीला पुण्याला निघा. वॉलवर रगताची गाठ धरली म्हणून समजायचं. ती धरू नये म्हणून रगात पातळ करायची गोळी. ती गोळी चुकवायची न्हाई. आन् म्हैन्याला रगात तपासायचं, लई पातळ न्हाई, लई घट्ट न्हाई. कोणी बी गोळी बंद कर म्हणलं, तर आधी मला इचारायचं."

ती दर महिन्याला बाजारच्या दिवशी जायची. तिच्या जोडीला अशाच वॉल बदललेल्या आणखी बाया. घरी आणलेल्या पाण्याच्या हंड्यासारखं त्या रक्त जपायच्या.

एका साली मेथी पडली. मेथीला भाव नाही म्हणजे आमच्याकडं काय होतं ते सांगायला नको. लोकांनी जुड्या गाड्या भरून आणल्या आणि रस्त्याच्या कडेला ओतून गेले. पण घरातली बाई असं करेल का? कौसल्या सकाळी मेथीची भाजी करायची, संध्याकाळी मेथीचं पिठलं, मधल्या वेळी धपाटी. घरोघर हेच चाललं होतं. मग बाजारचा दिवस आला. डॉक्टर एक एक कागद बघत गेले आणि त्यांचं तोंड वाकडं होत गेलं. सगळ्यांचं रक्त एकाच वेळी घट्ट. ते खुर्चीवरून उठून बाहेर बाकांपाशी आले.

"गोळी कुणी चुकवली?"

कुणीच नाही.

डॉक्टरांनी हातातले कागद परत एकदा चाळले. मग मला म्हणाले, "ओ, तुमी बोला आता. मेथी काय भाव हाय?"

मी म्हणालो, "भाव कुठला राव. रस्त्यावर टाकली."

"आन् उरलेली?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कौसल्या म्हणाली, "टाकायची जिवावर येती वं डॉक्टर."

तेव्हा तो माणूस हसला. पोट धरून, भिंतीला टेकून हसला. मग सांगितलं, की पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो. "खा, पर दर आठवड्याला सारखीच खा. भाव पडला म्हणून जत्रा करू नका." तेव्हापासून बाई खोलीत आली की नाडी बघायच्या आधी विचारायचे, "मेथी कशी हाय?" आणि भाव पडलेला असला की गोळीचा हिशेब जपून करायचे. पुण्याच्या इस्पितळात बसून हे कोणाला सुचलं असतं?

आता शिबिराचं सांगतो. त्यानंच सगळं नासलं.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं वाढदिवसाला हृदय तपासणी शिबिर घेतलं. त्यांचं नाव घेत नाही, भाऊसाहेब म्हणू. मंगल कार्यालयात मांडव, फलक, बाहेर एक आरामगाडी उभी. शहरातलं कुठलं तरी इस्पितळ आलं होतं. छातीला चिमटे लावायचे, कागद काढायचा, आणि कागद बघून "संशय आहे, पुढची तपासणी लागेल" म्हणून माणसाला गाडीत बसवायचं. धडधाकट माणसं घाबरून गाडीत चढत होती. वाघोले डॉक्टरांना शोभेला बोलावलं होतं, स्टेजवर खुर्ची ठेवली होती. ते स्टेजवर चढलेच नाहीत. गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि चढणाऱ्याच्या हातातला कागद बघायला लागले.

"तुला काय व्हतंय?"

"काय न्हाई. पर संशय हाय म्हणले."

"चालताना छातीत भरून येतं? दम? काय न्हाई? मग हा कागद बरा हाय. तंबाखू सोड, घरी जा. दुसरा कोण?"

एकाला मात्र त्यांनी स्वतः हाताला धरून गाडीत बसवलं, त्याला खरंच तपासणीची गरज होती. बाकी गाडी रिकामी व्हायला लागली. भाऊसाहेब माणूस पाठवून म्हणाले, डॉक्टरांना जेवायला घेऊन जा. डॉक्टर जेवायला म्हणून मांडवाच्या मागं गेले. मागं आचाऱ्याच्या हाताखाली बाया भाकरी थापत होत्या. सकाळपासून तिथंच. शिबिर चाललं होतं त्यांच्या डोक्यापलीकडं, पण एकीलाही कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी चुलीशेजारी बसकण मारली. हंडा कुठं उतरवता, सुरू केलं. बरोबर आलेल्या शमीमबाईंनी साडी धरून आडोसा केला. एका पोरसवदा बाईचं ऐकलं आणि उठले, तिला घेऊन थेट गाडीपाशी आले. तिच्या हाताला अजून पीठ.

"गाडी भरायचीय ना तुमाला? ही न्या. सबंध शिबिरात हिच्यायेवढं आजारी कोण न्हाई."

गाडीबरोबरचा माणूस म्हणाला, "ह्या केसेस आम्ही घेत नाही, सर."

डॉक्टर भाऊसाहेबांच्या समोर, सगळ्या लोकांत म्हणाले, "मग हे शिबिर काळजाचं न्हाई. गाडीचं हाय."

त्या बाईला त्यांनी आपल्या मोटारीतून पुण्याला नेलं. ती आज आहे. तिची पोरं आहेत.

आणि दोन बाजारांच्या आत माडीवरच्या खोलीला कुलूप लागलं. नर्सिंग होमच्या मालकानं जागेची अडचण सांगितली. मग कुठून तरी बोलवा उठली, की बाप्यांना गप्प करून, बाहेर काढून हा डॉक्टर बायांना तपासतो. कशाला तपासतो, ते तुम्हीच समजा, असं डोळा मारून सांगायचे. माझ्या तोंडावर एकानं सांगितलं, त्याचं गचुरं मी धरलं. शमीमबाई जुन्नरच्या स्टँडवर दोन बाप्यांना म्हणाल्या, "मैं खोलीत व्हते ना. मला इचारा की." कुणी विचारलं नाही. त्या बाकांवर बसलेल्या एकाही बाईला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. पण चावडीवर बाप्ये बोलत होते आणि बाप्येच ऐकत होते.

डॉक्टर भांडले नाहीत. मला त्याचाही राग येतो. मी फोन केला तर म्हणाले, "मला भांडता येत न्हाई वो. ऐकता येतं." यायचे बंद झाले. वॉलवाल्या बायांना रक्त दाखवायला पुणं गाठावं लागायला लागलं. काही गेल्या. काहींच्या घरच्यांनी कंटाळा केला. त्या हळू हळू कमी झाल्या, एक एक करून, आणि कुणाच्याही नावानं कुणी शिबिर घेतलं नाही.

कौसल्या जात राहिली. मी नेत राहिलो. मग तिची दाढ ठणकायला लागली. सून तिला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरानं गोळ्या बघितल्या आणि रक्त थांबणार नाही म्हणून ती गोळी बंद करायला सांगितली. सुनेनं विचारलं, पुण्याच्या डॉक्टरांना विचारू का? तर म्हणाला, "मी डॉक्टर नाही का?" दाढ काढली. गोळी सुरू कधी करायची, तर सूज उतरू दे, मग सांगतो. सूज उतरायला वेळ लागला, पुण्याची महिन्याची फेरी अजून पुढं होती, आणि त्याचं "मग" आलंच नाही. माडीवरची खोली उघडी असती तर बाजाराच्या दिवशी कौसल्या बाकावर बसली असती, आणि मेथी विचारायच्या आधी डॉक्टरांनी गोळी विचारली असती. एवढंच माझं म्हणणं आहे. ह्याचं उत्तर मला भाऊसाहेबांनी द्यावं.

दुपारी ती वालाच्या शेंगा निवडत होती. मी शेजारी. मला टिक टिक ऐकू येईना. वाटलं, कान गेले माझे, म्हातारा झालो. सुनेला हाक मारली, म्हणालो, ऐक गं. तिनं कान लावला आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "हाय, पर गोधडीतनं आल्यासारखं."

फोन केला. डॉक्टर म्हणाले, "निघा. मी दारात हाय." आम्ही निघालो. खेडला गाड्या तुंबलेल्या, चाकणला तुंबलेल्या. पुणे-नाशिक रस्ता कधी मोकळा असतो? भाषणात असतो. कौसल्या माझ्या खांद्याला टेकून बसली होती. दम लागला होता, पण दम लागला म्हणाली नाही. तिची सवय ती.

डॉक्टर खरंच दारात उभे होते. चाकाची खुर्ची स्वतः धरून, उन्हात. तिला खुर्चीत बसवलं, तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मेथी न्हाई खाल्ली डॉक्टर."

ते म्हणाले, "ठावं हाय मला."

ती आत गेली. पुढचं मी लिहीत नाही.

दहाव्याला नदीच्या घाटावर माणूस मावत नव्हतं. आमच्याकडं दशक्रियेला मांडव, स्पीकर, प्रवचन आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजली असते. मेलेल्याला जिवंतपणी कधी न भेटलेला माणूस माइकवर गळा काढतो. भाऊसाहेब आले, माइक घेतला. कौसल्याबाई म्हणजे माउली, कष्टाळू, सोशिक. मग म्हणाले, माउलीच्या स्मरणार्थ आपण भव्य हृदय तपासणी शिबिर—

मी उठलो. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. जाऊन त्यांच्या हातातला माइक घेतला. म्हणालो, "भाऊसाहेब, तुमी गप्प बसा." मला आणखी लई बोलायचं होतं, रात्रंदिवस मनात घोळवलं होतं. पण लोकांच्या पार मागं, चपला काढून, डॉक्टर आणि शमीमबाई बसलेले दिसले. मी म्हणालो, "डॉक्टर, तुमी या."

ते आले. माइक हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. कौसल्येबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बायांकडं वळून म्हणाले, "आता घरोघर नळ आल्यात. हंड्याचं इचारून भागायचं न्हाई. ह्या घाटाच्या पायऱ्या उतरून आलात ना? वर चढताना कुठं टेकणार हाय, ते एकेकीनं मला सांगा."

पुढं बसलेला एक बाप्या म्हणाला, "आमच्या घरात तसलं कुणाला काय न्हाई, डॉक्टर."

"तुमाला इचारलं का?"

पहिल्यांदा कुणी उठेना. मग मागून एक पोरगी उठली. मग तिची सासू. मग आणखी. घाटावरच्या करंजाखाली शमीमबाईंनी साडीचा आडोसा धरला. डॉक्टर दगडावर बसले, खिशातली नळी काढली, आणि स्पीकरवाल्याकडं बघून हात हलवला. तो खरखर वाजणारा कर्णा बंद झाला.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. मान वाकलेली, चकती तळहातावर घासत होते. गरम झाल्यावर पहिल्या बाईला म्हणाले, "हां, बोला." आणि डोळे मिटले. सगळा घाट, भाऊसाहेब धरून, चिडीचूप. नदीचं पाणी ऐकू येत होतं.

मी बाप्यांत जाऊन बसलो. गप्प बसलो.